परदेशात राहताना गाडीसाठी कर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी लागली, घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, की गाडीचा विषय निघतो. पगार चांगला असतो, नोकरी पक्की असते, तरी पहिल्याच अर्जाला नकार आला की माणूस चक्रावतो. मी दोन वेगवेगळ्या देशांत गाडीसाठी कर्ज काढलं. एकदा नकार पचवला, आणि एकदा कर्ज चालू असतानाच देश सोडला. त्या अनुभवातून आणि नंतर ओळखीच्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून ही उत्तरं जमली आहेत. नियम देशागणिक वेगळे असले तरी कर्ज देणाऱ्याच्या मनातली भीती सगळीकडे एकच असते.

परदेशी नागरिकाला गाडीचं कर्ज मिळतं का?

मिळतं. बहुतेक देशांत त्याला कायद्याची आडकाठी नाही. घोडं अडतं ते कर्ज देणाऱ्याच्या हिशेबात. घर तारण असेल तर ते जागचं हलत नाही. गाडीला मात्र चाकं असतात, आणि तुमच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असतो. 'हा माणूस उद्या निघून गेला तर पैसे कुठून वसूल करायचे?' हा प्रश्न बँकेचा अधिकारी तोंडावर विचारत नाही, पण त्याच्या अर्जातला जवळपास प्रत्येक रकाना त्याच प्रश्नासाठी असतो. व्हिसा कधी संपतो, नोकरीला किती महिने झाले, घर भाड्याचं आहे का, कुटुंब सोबत आहे का, खिशातून किती रक्कम घालताय, सगळ्याचा रोख तिकडेच. हे एकदा ध्यानात आलं की कोणत्या देशात काय मागतील याचा अंदाज आपला आपल्यालाच बांधता येतो.

व्हिसाची किती मुदत शिल्लक असावी लागते?

शेवटचा हप्ता व्हिसा संपण्याच्या आत पडला पाहिजे, हा जवळजवळ सार्वत्रिक आडाखा. तो कायद्यात लिहिलेला नसतो, बँकेच्या अंतर्गत धोरणात असतो. म्हणून एका ठिकाणी नकार मिळाला तरी दुसऱ्या ठिकाणी काम होऊ शकतं. अमेरिकेत एच-१बी व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. त्यातलं सव्वा वर्ष उरलं असताना पाच वर्षांचं कर्ज मागितलं तर प्रश्न येणारच. जपानमध्ये कर्ज देणाऱ्या अनेक संस्था सरळ कायम वास्तव्याचा परवाना आहे का ते विचारतात. नसेल तर मुदत राहण्याच्या परवान्याइतकीच ठेवतात, किंवा अर्जच घेत नाहीत.

यावर साधा उपाय म्हणजे वेळ साधणं. व्हिसाचं नूतनीकरण चार महिन्यांवर आलं असेल तर आज अर्ज करू नका, नवा शिक्का पडल्यावर करा. तोवर थांबणं शक्यच नसेल तर नोकरी देणाऱ्या कंपनीकडून मुदतवाढ करणार असल्याचं पत्र घ्या. काही ठिकाणी ते चालतं, काही ठिकाणी त्याला कागदाच्या कपट्याइतकीही किंमत मिळत नाही.

नोकरीच्या परीविक्षाकाळाचंही (प्रोबेशन) तसंच. जर्मनीत तो सहा महिन्यांपर्यंत असू शकतो, आणि तो संपेपर्यंत बहुतेक बँका हातही लावत नाहीत. मला मिळालेला नकार असाच होता. परीविक्षा संपल्यावर तोच पगार, तीच गाडी, तीच बँक, आणि अर्ज मंजूर.

मायदेशातला क्रेडिट स्कोअर इथे चालतो का?

सहसा नाही. हे अनेकांना पटत नाही, कारण नावं तीच दिसतात. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या अनेक देशांत काम करतात. पण प्रत्येक देशातली फाइल तिथल्या कायद्याखाली, तिथल्या बँकांनी दिलेल्या माहितीवर उभी असते, आणि ती सहसा सीमा ओलांडत नाही. मोजण्याची पद्धतही एक नाही. अमेरिकेतला फायको स्कोअर ३०० ते ८५० मध्ये असतो. जर्मनीत १९२७ पासून चालत आलेली शूफा नावाची संस्था आहे आणि तिचं गणित वेगळं. नेदरलँड्समध्ये बीकेआर, अमिरातीत अल इतिहाद क्रेडिट ब्युरो. नव्या देशात तुमचा स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच. संगणकाला मात्र हे दोन्ही प्रकार सारखेच खटकतात.

तरी मायदेशातल्या बँकेचं गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट आणि आधी फेडलेल्या कर्जाचं पत्र इंग्रजीत किंवा स्थानिक भाषेत भाषांतर करून जवळ ठेवा. संगणक ते पाहत नाही, पण माणूस पाहतो. तुमची मायदेशातली बँक आंतरराष्ट्रीय असेल तर तिच्याच इथल्या शाखेत आधी विचारा.

मग इथला स्कोअर तयार व्हायला किती वेळ लागतो?

अमेरिकेत फायको स्कोअर निघण्यासाठी निदान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. म्हणून तिथे पोहोचल्याच्या पहिल्या महिन्यात अनामत ठेवून मिळणारं क्रेडिट कार्ड घ्यावं. त्यावर थोडासा खर्च करावा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरावं. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन हा कर क्रमांक स्वीकारणाऱ्या संस्थाही आहेत, फक्त त्या शोधाव्या लागतात.

ब्रिटनमध्ये एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. तिथे राहण्याची वैध परवानगी असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. कर्ज देणारे तुमची ओळख आणि पत्ता याच यादीवरून पडताळतात, त्यामुळे नाव नसलं की अर्ज अडखळतो. नोंदणीला पैसे पडत नाहीत. मतदान करायचं की नाही ते नंतर ठरवा, नाव आधी घाला.

आणि नावावरूनच आठवलं. पासपोर्टवर मधलं नाव आहे, बँकेत नाही, भाडेकरारात आडनाव आधी आलंय आणि वीजबिलावर एक अक्षर कमी आहे. आपल्याला तो माणूस एकच दिसतो, संगणकाला चार दिसतात. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलंय ना, आणि पत्ता खोली क्रमांकासह तंतोतंत जुळतोय ना, हे अर्जाआधी तपासा. युरोपात तुमच्याबद्दल साठवलेल्या माहितीची प्रत फुकट मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. ती मागवून वाचा.

कागदपत्रं कोणती लागतात?

पासपोर्ट, राहण्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा, शेवटच्या तीन पगारपावत्या, तीन ते सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र. आखाती देशांत पगार त्याच बँकेत जमा होईल असं कंपनीचं पत्र बऱ्याचदा मागतात. स्वतःचा व्यवसाय असेल तर किमान दोन वर्षांची करविवरणपत्रं तयार ठेवा.

वाहन परवान्याचं मात्र नीट बघा. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ परवान्याचं भाषांतर. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असेल तर तो एक वर्ष चालतो. त्यावर गाडी चालवता येते म्हणून कर्ज किंवा स्वस्त विमा मिळेलच असं नाही. परदेशी परवान्यावर ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने, तर जर्मनीत ६ महिने गाडी चालवता येते. पुढे स्थानिक परवाना घ्यावाच लागतो. तो आधी मिळवलात तर विम्याचा हप्ता उतरतो, आणि काही ठिकाणी ही उतरलेली रक्कम व्याजातल्या बचतीपेक्षा मोठी भरते.

डाउन पेमेंट किती करावं?

काही देशांत हा प्रश्न तुमच्यावर सोडलेलाच नाही. अमिरातीत मध्यवर्ती बँकेच्या नियमानुसार गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज मिळत नाही आणि मुदत ६० महिन्यांपुढे जात नाही. सिंगापूरमध्ये गाडीचं खुल्या बाजारातलं मूल्य (करांआधीचं आयातमूल्य) २०,००० सिंगापुरी डॉलरपर्यंत असेल तर किमतीच्या ७० टक्के, त्यावर असेल तर ६० टक्के, आणि मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. इतर ठिकाणी 'झिरो डाउन' असे मोठे फलक लावलेले असतात, आणि परदेशी माणसासाठी तेच सर्वांत महाग पडू शकतं.

आकड्यांतच पाहू, चलन कुठलंही धरा. गाडी ३०,००० ची, व्याज वर्षाला ९ टक्के. पहिल्याने काहीच न भरता ७२ महिन्यांचं कर्ज घेतलं. त्याचा हप्ता साधारण ५४१. दुसऱ्याने ६,००० रोख भरून उरलेले २४,००० चार वर्षांसाठी घेतले. त्याचा हप्ता ५९७. महिन्याला फरक छप्पन्नचा. दोन वर्षांनी दोघांनाही अचानक परत जावं लागलं. गाडीला बाजारात १८,००० मिळतायत असं समजा. पहिल्याचं कर्ज अजून सुमारे २१,७०० शिल्लक आहे, म्हणजे गाडी विकूनही त्याला खिशातून ३,७०० भरावे लागतील. दुसऱ्याचं शिल्लक १३,१०० च्या आसपास, त्याच्या हातात ४,९०० उरतील.

ज्याला त्या देशात दहा वर्षं राहायचंच आहे त्याला हा फरक कदाचित कधी जाणवणारही नाही. ज्याच्या राहण्यावर तारखेचा शिक्का आहे त्याला तो विमानाच्या तिकिटाच्या दिवशी जाणवतो. म्हणून माझं मत ठाम आहे. निदान २० टक्के रोख, आणि मुदत शक्य तितकी कमी. तेवढे पैसे नसतील तर स्वस्त गाडी बघा.

बँकेकडून घ्यावं, शोरूममध्ये घ्यावं, की गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या फायनान्सकडून?

आधी बँकेकडून किंवा पतसंस्थेकडून पूर्वमंजुरी घ्या, आणि ती खिशात ठेवून शोरूममध्ये जा. शोरूममध्ये मिळणारा दर बऱ्याचदा दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा कर्ज देणाऱ्याचा, दुसरा मधल्या डीलरने वर चढवलेला. ब्रिटनमध्ये डीलर व्याजदर जितका वाढवेल तितकं त्याचं कमिशन वाढायचं. तिथल्या नियामकाने जानेवारी २०२१ पासून ही पद्धत बंद केली. सगळीकडे ती बंद झालेली नाही.

उत्पादकाच्या फायनान्स कंपनीचे दर कधी कधी खरोखर कमी असतात, कारण त्यांना गाडी खपवायची असते. नव्याने आलेल्यांसाठी किंवा परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या खास योजनाही असतात. पण शून्य टक्के व्याज घेतलं की रोख सवलत सोडावी लागते का, तेवढं विचारा. उत्तर बहुधा 'हो' असतं.

शोरूममधला पहिला प्रश्न हमखास असतो, 'महिन्याला किती झेपेल?' याचं उत्तर देऊ नका. एकदा आकडा सांगितलात की मुदत ताणून कुठलीही गाडी त्या आकड्यात बसवता येते. आधी गाडीची किंमत ठरवा, मग जुन्या गाडीचा मोबदला असेल तर तो, आणि कर्ज सर्वांत शेवटी. तिन्ही गोष्टी एका टेबलावर एकदम आल्या की पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही.

चार ठिकाणी दर विचारले तर स्कोअर घसरतो का?

नुसती चौकशी केली तर सहसा नाही. रीतसर अर्ज केला तर थोडा. अमेरिकेत ठरावीक दिवसांत गाडीच्या कर्जासाठी केलेले सगळे अर्ज फायको एकच धरतो. जुन्या पद्धतीत ही मुदत १४ दिवस, नव्यात ४५. म्हणजे दरांची तुलना दोन आठवड्यांत उरका. इतर देशांत 'स्कोअरवर परिणाम न होणारी चौकशी' करता येते का, ते आधी विचारा. जर्मनीत अटींची विचारणा आणि कर्जाचा अर्ज या दोन वेगळ्या नोंदी असतात. बँकेत कोणती करताय हे स्पष्ट सांगावं लागतं.

'फक्त ३ टक्के व्याज' अशी जाहिरात खरी असते का?

आकडा खरा असतो, पण तो फ्लॅट दर असू शकतो. फ्लॅट दरात व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागतं, तुम्ही अर्धी फेडली असली तरी. ६०,००० चं कर्ज, पाच वर्षं, ३ टक्के फ्लॅट. वर्षाला १,८०० प्रमाणे ९,००० व्याज, एकूण ६९,०००, हप्ता १,१५०. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशेबाने मांडला तर दर निघतो सुमारे ५.६ टक्के. जवळपास दुप्पट. आखातात आणि आग्नेय आशियात ही पद्धत सर्रास दिसते.

म्हणून तुलना करताना दर विचारू नका, सगळे खर्च धरून निघणारा वार्षिक दर विचारा. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यापासून हा दर, म्हणजे एपीआर, सांगणं बंधनकारक आहे. युरोपात त्याचाच भाऊबंद आहे, ऑस्ट्रेलियात त्याला कंपॅरिझन रेट म्हणतात. हा आकडा देताना समोरचा चाचरला तर त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि त्यासोबत दुसरा प्रश्न विचारा: सगळे हप्ते, फी आणि शेवटची रक्कम मिळून मी एकूण किती भरणार?

पीसीपी, बलून, लीज हे नेमकं काय असतं? परदेशी माणसाला कोणतं सोयीचं?

ब्रिटनमध्ये एचपी म्हणजे भाडेखरेदी. पूर्ण रक्कम फिटेपर्यंत गाडी कंपनीची. पीसीपीत हप्ते कमी असतात, कारण किमतीचा मोठा तुकडा शेवटासाठी राखलेला असतो. मुदत संपली की ती मोठी रक्कम भरून गाडी ठेवा, किंवा परत करा, किंवा नव्या गाडीत बदला. हा शेवटचा मोठा तुकडा म्हणजे बलून. जर्मनीतही असाच तीन पर्यायांचा प्रकार चालतो. लीजमध्ये मुदतभर गाडी तुमची नसते. तुम्ही भाडं भरता, आणि ठरलेल्या किलोमीटरपेक्षा जास्त चालवली किंवा ओरखडे पडले तर वर पैसे देता. अमेरिकेत लीजचा दर 'मनी फॅक्टर' नावाच्या दशांश अपूर्णांकात सांगतात, त्यामुळे तो नगण्य वाटतो. त्याला २,४०० ने गुणा, साधारण वार्षिक टक्का मिळेल.

व्हिसा तीन वर्षांचा आणि लीजही तीन वर्षांची, हे गणित कागदावर सुरेख दिसतं. दोन्ही तारखा खरोखर जुळल्या तर लीजसारखं सुटसुटीत काही नाही, गाडी विकायची कटकटच उरत नाही. पण मधेच जावं लागलं तर लीज मोडणं फार महाग पडतं, कारण उरलेले बरेचसे हप्ते एकदम मागितले जातात. लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का, हे करारावर सही करण्याआधी विचारा. पीसीपीत सुरुवातीचा बराच काळ गाडीच्या किमतीपेक्षा कर्ज जास्त असतं. साधं, सरळ, दरमहा मुद्दल घटत जाणारं कर्ज कंटाळवाणं वाटेल, पण मधेच बाहेर पडायला तेच सोपं.

जामीनदार किंवा सहकर्जदार आणला तर?

दर कमी होतो, नकाराचा होकारही होतो. पण तुमचा एक हप्ता चुकला की त्याच्या नोंदीत डाग लागतो, आणि तुम्ही देश सोडलात तर बँक सगळी रक्कम त्याच्याकडून मागते. तिथे कायमचा राहणारा मामेभाऊ किंवा मित्र सही करायला तयार असेल तर त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगा. सांगायला संकोच वाटत असेल तर सही मागू नका.

अर्ज नाकारला. आता?

कारण मागा. अमेरिकेत कर्ज देणाऱ्याने निर्णय साधारणपणे ३० दिवसांत कळवायचा असतो आणि कारणं सांगायची किंवा ती मागता येतात हे कळवायचं असतं. युरोपीय संघात एखाद्या नोंदणी संस्थेच्या माहितीवरून नकार दिला असेल तर ते फुकट कळवावं लागतं. कारण 'अपुरी क्रेडिट नोंद' असेल तर सहा महिने थांबणं आणि जास्त डाउन पेमेंट हा मार्ग. 'ओळख पडताळता आली नाही' असेल तर तो नाव-पत्त्याचा घोळ, आठवडाभरात सुटू शकतो.

चिडून त्याच आठवड्यात सहा ठिकाणी अर्ज टाकू नका. आणि 'स्कोअर बघत नाही, आजच गाडी घेऊन जा' असं म्हणणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. त्यांचा दर अव्वाच्या सव्वा असतोच. शिवाय अमेरिकेत काही जण गाडीत असं यंत्र बसवतात की हप्ता थकला की गाडी सुरूच होत नाही. या दरापेक्षा सहा महिने बस बरी, किंवा रोखीत घेतलेली जुनी छोटी गाडी.

वापरलेली गाडी घेताना तिच्यावर जुना बोजा आहे का, हे कसं कळतं?

हे न पाहता पैसे देऊ नका, कारण काही देशांत बोजा माणसाबरोबर जात नाही, गाडीबरोबर येतो. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून पीपीएसआर ही अशा बोजांची राष्ट्रीय नोंदवही आहे. चॅसी क्रमांक टाकून अगदी किरकोळ शुल्कात शोधता येतं. जर्मनीत कर्ज असेपर्यंत नोंदणीपत्राचा दुसरा भाग बँकेकडे असतो. तो विकणाऱ्याच्या हातात नसेल तर थांबा. स्वित्झर्लंडमध्ये गाडीच्या कागदावर १७८ हा संकेत असेल तर मालक बदलायला परवानगी लागते. जपानमध्ये नोंदणीत मालक आणि वापरणारा असे दोन वेगळे रकाने असतात, आणि मालकाच्या जागी फायनान्स कंपनीचं नाव दिसू शकतं. अमिरातीत बोजाची नोंद गाडीच्या नोंदणीवरच होते.

विम्याचं काय?

कर्ज असेपर्यंत नुसता तृतीय पक्ष विमा सहसा चालत नाही, सर्वसमावेशक घ्यावा लागतो. तो मधे बंद पडला तर कर्ज देणारी संस्था स्वतः विमा काढून त्याचे पैसे तुमच्या नावावर टाकू शकते, आणि तो महाग असतो. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी त्या दिवसाची बाजारकिंमत देते, तुमचं शिल्लक कर्ज नाही. मधली दरी भरणारा गॅप विमा मिळतो. डाउन पेमेंटच्या उदाहरणातल्या पहिल्या माणसाला त्याची गरज आहे, दुसऱ्याला नाही. घ्यायचाच तर शोरूमबाहेर किंमत विचारा.

व्याज नको असेल तर?

आखातात, मलेशियात, ब्रिटनमध्येही इस्लामी पद्धतीचं अर्थसाहाय्य मिळतं. मुराबाहा प्रकारात बँक गाडी विकत घेते आणि नफा धरून ठरलेल्या किमतीला तुम्हाला हप्त्यांवर विकते. ते कुठल्याही धर्माच्या ग्राहकाला मिळतं. एकूण खर्चाची तुलना इतरांसारखीच करा. लवकर फेडल्यास नफ्यातला किती भाग सोडणार, हे लेखी घ्या.

सही केली आणि पश्चात्ताप झाला. परत फिरता येतं का?

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कर्जकरारातून १४ दिवसांत माघार घेता येते. पण नीट वाचा: ब्रिटनमध्ये यात कर्ज रद्द होतं, गाडी नाही. तिचे पैसे दुसरीकडून उभे करावे लागतात. अमेरिकेत शोरूममध्ये जाऊन घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करता येते असं म्हणतात, पण तसा देशभर लागू असलेला कायदा नाही.

कर्ज चालू असताना गाडी दुसऱ्या देशात नेता येते का?

सहलीसाठी बहुतेक वेळा हो, पण लेखी परवानगी आणि विम्याची व्याप्ती पाहून. कायमची नेणं म्हणजे तारण पळवणं. तसं करायचं तर आधी कर्ज फेडा.

नोकरी गेली, किंवा अचानक देश सोडावा लागला तर?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. खरं तर तो पहिला विचारायला हवा.

हातात वेळ फार कमी असतो. अमेरिकेत एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि राहण्याची अधिकृत मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीही नाही. आखातात नोकरी सुटल्याचं कंपनीने कळवलं की पगारखात्यात आलेली शेवटची मोठी रक्कम बँक कर्जापोटी रोखून धरू शकते. तिकीट आणि सामान पाठवण्याचे पैसे त्याच खात्यात असतील तर पंचाईत. निदान तीन हप्ते आणि तिकिटाएवढी रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावा.

पहिलं काम म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला आज नेमके किती लागतील, याचं लेखी पत्र मागवणं. ॲपमध्ये दिसणारी शिल्लक आणि हा आकडा एक नसतो, त्यात दिवसागणिक व्याज आणि शुल्क असतं. पत्राला ठरावीक दिवसांचीच मुदत असते. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार मुदतपूर्व फेडीची भरपाई फेडलेल्या रकमेच्या १ टक्क्यापुढे जात नाही, आणि वर्षापेक्षा कमी मुदत उरली असेल तर ०.५ टक्क्यापुढे नाही. इतरत्र करारातलं कलम वाचा.

मग गाडी विका. खाजगी गिऱ्हाइकाला विकली तर भाव चांगला येतो, पण बोजा असलेली गाडी घ्यायला लोक कचरतात. मी विकली तेव्हा गिऱ्हाइकाला घेऊन थेट बँकेच्या शाखेत गेलो. त्याने कर्जाची रक्कम माझ्यासमोर बँकेत भरली, उरलेले मला दिले, आणि बोजा उतरल्याची पावती त्याच्या हातात पडली. तासाभराचं काम, पण दोघांनाही शांत झोप लागली. वेळच नसेल तर डीलर कर्जासकट गाडी घेतो, अर्थात भाव पाडून.

ब्रिटनमध्ये एचपी किंवा पीसीपी असेल तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याने एक दार उघडं ठेवलं आहे. एकूण देय रकमेच्या निम्मी भरून झाली असेल आणि गाडी ठीकठाक असेल, तर ती परत करून मोकळं होता येतं. पीसीपीत ही निम्मी रक्कम मोजताना शेवटचा बलूनही धरतात, त्यामुळे ती वेळ बरीच उशिरा येते.

अमेरिकेत गाडी 'स्वेच्छेने जमा' केली तरी हिशेब संपत नाही. बँक ती लिलावात विकते, आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याकडे मागते.

राहिला तो किल्ली गाडीतच ठेवून विमानात बसण्याचा मार्ग. २००९ च्या मंदीत दुबईच्या विमानतळाबाहेर अशा सोडून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या जगभर छापून आल्या होत्या. अमिरातीत २०२२ पासून पुरेशी शिल्लक नसल्याने न वटलेल्या धनादेशाला बहुतेक प्रसंगी फौजदारी गुन्हा मानत नाहीत, पण दिवाणी वसुली आणि प्रवासबंदीचा धोका राहतोच. पाच वर्षांनी त्याच देशात चांगली नोकरी चालून आली, किंवा तिथून नुसतं विमान बदलायचं असलं, तर ती जुनी फाइल आडवी येऊ शकते. त्यापेक्षा बँकेला आधीच गाठा. परदेशातून हप्ते भरण्याची सोय किंवा तडजोडीची रक्कम यावर बोलणी होतात, फक्त ती तुम्ही देशात असताना व्हायला हवीत.

शेवटचा हप्ता भरल्यावर काय करायचं?

कर्ज निल झाल्याचं पत्र घ्या, आणि नोंदणीवरचा बोजा उतरला ना हे स्वतः तपासा. काही देशांत तो आपोआप उतरतो, काही ठिकाणी तुम्हालाच कार्यालयात जावं लागतं. हप्त्यांची स्वयंचलित सूचना बँकेत जाऊन बंद करा. गॅप विम्याचे किंवा वाढीव वॉरंटीचे पैसे आगाऊ भरले असतील आणि कर्ज मुदतीआधी फेडलं असेल, तर उरलेल्या काळाचा परतावा मागा, तो कुणी आपणहून देत नाही. आणि देश सोडत असाल तर हे सगळं पुरं होऊन हातात कागद येईपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका.